खोटी चिमणी उभारताय? आधी एवढं बघा
ब्रिटनमधल्या बऱ्याच नव्या घरांत चिमणी नसतेच, त्यामुळे हॉलमध्ये शोभेची चिमणी, म्हणजे धुराड्यासारखा भिंतीपुढे आलेला पोकळ भाग, उभारून त्यात विजेची शेगडी आणि टीव्ही बसवायची तुमची कल्पना मला फार आवडली. जरूर करा, नवख्यालाही जमतं.

आधी विजेची शेगडी (खोली गरम करणारी) आणि टीव्ही कोणता घ्यायचा ते ठरवा, मगच लाकडाची चौकट. उलटं केलं की त्यांच्यासाठी ठेवलेल्या खाचेचं माप चुकतं. पहिल्यांदा हीच चूक सर्रास होते. शेगडीभोवती हवेसाठी किती जागा हवी, ते तिच्या माहितीपत्रकात असतं.

- जमिनीवर चौकटीची जागा चिकटपट्टीने आखा, दोन दिवस वावरून बघा.
- टीव्हीमागे जाड प्लाय हवाच. नुसत्या प्लास्टरबोर्डवर (चौकटीवर लावायचा जिप्समचा पातळ बोर्ड) भार नको.
- वायरी प्लास्टरबोर्ड लावण्याआधी टाका, जोडणी इलेक्ट्रिशियनकडून.

आणि या चौकटीत खरा जाळ कधीही नाही. रंग, फरशी नंतर बोलू.