सनरूफचं रबर बदलण्याआधी

सनरूफमधून, म्हणजे गाडीच्या छतातल्या उघडत्या काचेपाशी, पाणी गळतंय म्हणून तिचं रबर स्वतः बदलायचं ठरवलंत, छान केलंत. काम जमण्यासारखं आहे.

पण नवीन रबर मागवण्याआधी नळ्या तपासा. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. थोडं आत येतंच आणि चौकटीच्या कोपऱ्यांतल्या भोकांमधून नळ्यांवाटे गाडीखाली जातं. काच उघडून पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. खाली धार लागली तर नळी मोकळी आहे. पाणी तिथेच तुंबलं तर दोष रबराचा नाही, साचलेल्या धूळ-पाल्याचा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवा. कंप्रेसरची जोरदार हवा मात्र मारू नका. नळी आतल्या आत निसटली तर छताचं अस्तर उतरवावं लागतं.

रबर खरंच कडक झालं असेल, चिरलं असेल, तर:

- चेसिस नंबर सांगून त्याच मॉडेलचं घ्या.
- जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, रंग खराब होतो.
- बसवताना ताणू नका. नवशिक्यांची चूक हमखास इथेच होते. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोडापाशी फट पडते. अनेक गाड्यांत हा जोड मागच्या बाजूला, मध्यावर येतो.

फटीत सिलिकॉन सीलंट भरायचा मोह टाळा, पुढच्या वेळी ते खरवडताना जीव जातो. काचेची उंची कमी-जास्त करायचा विचार असेल, तर ती तूर्तास आहे तशीच राहू द्या. हे सगळं मे महिन्यातच उरका, म्हणजे पावसाआधी पाइपने पाणी मारून निवांत तपासता येईल.