दोन डब्यांची मॉडेल डिझेल गाडी चढावर घसरतेय? मोटर बदलू नका

मॉडेल गाडी चढावर अर्ध्यात अडकते ही तुमची पोस्ट वाचली आणि माझं २०२२ साल आठवलं. ब्रिटिश डर्बी लाइटवेट या जुन्या डिझेल गाडीचं मॉडेल, दोन डबे, एकाच बोगीत (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीत) मोटर, ३०ला १ चढ (३० सेंमी पुढे, १ सेंमी वर), आणि अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरतात. दुकानदार तुम्हालाही 'मोठी मोटर घाला' म्हणाला ना? मी तेच केलं आणि सात महिने घालवले.

मोटर परदेशातून मागवली. ती एका कार्यालयात 'खेळणं' म्हणून अडकली, मग खेळण्याचं प्रमाणपत्र मागितलं. सुटा भाग आहे हे लिहून दिलं, बिल दिलं, फोटो दिले. दर वेळी नवा माणूस आणि नवा कागद. एकानेही पाकीट उघडून बघितलं नाही, याचा राग अजून जात नाही. शेवटी मोटर आली, बसवली, आणि चाकं तिथेच पण जास्त जोरात फिरायला लागली.

मग गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर गाडी ठेवली. सगळी ४२० ग्रॅम, पण मोटरच्या बोगीवर जेमतेम १००. चाकाची पकड वजनाचा पाचवा हिस्सा धरा, म्हणजे २० ग्रॅमची ओढ. चढासाठी ४२० भागिले ३०, म्हणजे १४, वर घर्षणाचे आठ-दहा. पुरणार कुठून? बोगीच्या बरोबर वर ६० ग्रॅम शिसं चिकटवलं आणि गाडी चढली, तीसुद्धा जुन्या मोटरवर. आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या रुळांवर थोडा फरक पडेल. शिसं टायरवाल्याकडे मिळतं, चाक बॅलन्सिंगच्या जुन्या वजनांचं. हाताळल्यावर हात धुवा. मागच्या डब्यात मात्र एक ग्रॅमही घालू नका.

खऱ्या गाडीत हे कसं जमवलं ते बघण्यासारखं आहे. आपल्या मिरज-कोल्हापूर डेमूत (डिझेलवरच्या डबागाडीत) इंजिन डब्याचीच जागा खातं. ब्रिटिश रेल्वेने बससारखी इंजिनं फरशीखाली टांगली. एका डब्याखाली दोन, आणि प्रत्येक इंजिन एकेका बोगीचा आतला आस फिरवतं. १९५४ साली इंग्लंडमधल्या वेस्ट रायडिंग भागातल्या चढांसाठी दोन्ही डब्यांखाली इंजिनं घातली, १२५ अश्वशक्तीची चार, आणि अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, हलकं. तिथल्याच कंबरलँड भागाच्या गाड्यांत १५०ची दोनच, एका डब्याखाली; दुसरा डबा नुसता ओढायचा. पुढे १९६१ला तिथल्या काल्डर व्हॅली या खोऱ्यातल्या घाटवळणांसाठी तीन डब्यांच्या गाडीत १८०ची चार, म्हणजे ७२०. चढ वाढला की त्यांनी ताकद जास्त आसांवर वाटली. आपल्या मॉडेलमध्ये ओढायचं सगळं काम एका बोगीवर, म्हणून ती घसरते.

माझं ठाम मत, पटेल न पटेल: ३०ला १ हा चढ मुळातच चुकीचा आहे. आपला बोरघाट ३७ला १, आणि तिथे बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. जागा असेल तर ५०ला १ करा. चढावर वळण असेल तर आणखी सौम्य, कारण वळणात चाकं रुळाला घासतात.

आणि पावसाळ्यात रूळ पुसल्याशिवाय कुठलीही चाचणी करू नका, आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर थर बसतो. पुसून झाल्यावर मोटरच्या डब्याच्या दोन्ही बोगींचं वेगवेगळं वजन इथे टाका. एक बोगी काट्यावर, दुसरी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. मग किती शिसं लागेल ते सांगतो.