नाताळची भेट ६ जानेवारीलाही चालते
हाताने केलेल्या नाताळ-वस्तूंच्या देवाणघेवाणीत पहिल्यांदाच उतरताय, तर २५ डिसेंबरची धास्ती सोडा. ६ जानेवारीला एपिफनी, म्हणजे प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण असतो. ताऱ्यामागोमाग पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे ज्ञानी ज्योतिषांनी, बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस वाहिला. परक्या मुलखातल्यांनाही तो प्रकट झाला, हे या सणाचं मर्म. म्हणूनच भेट द्यायला मला हाच दिवस जास्त शोभून दिसतो.

वस्तू लहानच करा, फेल्टचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) दोन थरांचा तारा पुरे. कडेने ब्लँकेट स्टिच, म्हणजे कडेला वेढत जाणारा टाका, घाला, टाके जवळजवळ घ्या. टांगायची दोरी मात्र दोन थरांच्या मध्ये घालून शिवा. वरून चिकटवलेली हमखास सुटते. मागच्या बाजूला दोऱ्याने वर्ष भरायला विसरू नका.