दोघांचे गाणे

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तू रात्री एकट्यानेच गाणे रचून पुरे करतोस आणि तुझी गायिका दुसऱ्या दिवशी येऊन त्यावर आवाज देऊन निघून जाते, हे वाचून मला व्हिन्स क्लार्क आणि अ‍ॅलिसन मोये यांची याझू ही ब्रिटिश पॉप जोडी आठवली आणि तुझी काळजी वाटली.

लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये बॅसिलडन नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी हलवण्यासाठी जी नवी नगरे आखली गेली, त्यांपैकी हे एक. तिथल्या व्हिन्स क्लार्कने १९८१च्या अखेरीस डेपेश मोड हा आपला बँड सोडला, तेव्हा त्या बँडचा पहिलाच अल्बम नुकता गाजला होता. अ‍ॅलिसन मोये त्याच गावची. ती आसपासच्या पबमधून गात असे, आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावगर्भ संगीत, वाजवणारे साथीदार हवेत अशी जाहिरात तिने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात दिली होती. त्या जाहिरातीला उत्तर आले ते सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवणाऱ्या क्लार्कचे, आणि याझू जन्मली. मार्च १९८२मध्ये त्यांचे 'ओन्ली यू' हे पहिले गाणे निघाले आणि ब्रिटनच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले.

ते गाणे नीट कान देऊन ऐक. सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणारे यंत्र, प्रत्येक स्वर ठरल्या क्षणीच वाजवतो, त्यात रेसभरही फरक पडत नाही. मोयेचा जाड, भरदार आवाज मात्र कधी शब्दावर रेंगाळतो, कधी ओळ जरा उशिरा उचलतो, आणि मागचे यंत्र इतके काटेकोर असल्यामुळेच ते रेंगाळणे आपल्या काळजाला भिडते. क्लार्क वापरत असलेल्या प्रो-वन या सिंथेसायझरवर एका वेळी एकच स्वर निघतो. माझ्या मते त्या मर्यादेने त्याला संयम शिकवला, कारण त्याच्या रचनेत आवाजाला पुरेशी मोकळी जागा असते. तुझ्या संगणकावर हवे तितके ट्रॅक चढवता येतात आणि तू ते चढवतोस. परवा पाठवलेल्या गाण्यात तुझ्या मैत्रिणीला श्वास घ्यायलाही जागा उरलेली नाही.

१९८३च्या नाताळात फ्लाइंग पिकेट्स या गायकांच्या गटाने हेच 'ओन्ली यू' एकही वाद्य न वापरता, केवळ गळ्यांनी गायले आणि ते पहिल्या क्रमांकावर नेले. मूळ चालच भक्कम होती. म्हणून पुढचे गाणे संगणकावर चढवण्याआधी तू पेटीवर बस, तिला समोर बसव आणि चाल दोघांच्या गळ्यातून जाऊ दे.

पण त्या नाताळापर्यंत याझू उरलीच नव्हती. ब्लॅकविंग हा त्यांचा स्टुडिओ लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता. 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स' या पहिल्या अल्बमच्या नावात आलेला एरिक म्हणजे तिथला ध्वनिमुद्रक. दुसऱ्या अल्बमच्या वेळी दोघे त्याच जागी, पण बव्हंशी वेगवेगळ्या वेळी काम करू लागले. गाणी आपापली आणि कामाचे तासही आपापले. अल्बमचे नाव होते 'यू अँड मी बोथ', म्हणजे तू आणि मीही! जुलै १९८३मध्ये तो प्रकाशित झाला, पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्याआधीच जोडी फुटल्याचे जाहीर झाले होते. इतकी सुंदर गाणी, आणि ती एकत्र रंगमंचावर सादर करायला पंचवीस वर्षे जावी लागली. २००८मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हा कुठे श्रोत्यांना ती समोर ऐकायला मिळाली.

अवघ्या दीड वर्षाची कारकीर्द होती, याची मला खंत नाही. क्लार्कने पुढे इरेजर हा बँड उभा केला, मोये स्वतंत्र गायिका म्हणून मोठी झाली. खंत आहे ती त्यांच्या अबोल्याची. तुमची जोडी किती काळ टिकेल हे मी सांगू शकत नाही आणि ती टिकलीच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. मात्र कोणत्या गाण्याखाली कोणाचे नाव लागेल, कार्यक्रमाचे मानधन कसे वाटायचे आणि कोणाला कोणत्या दिशेने गायचे आहे, हे तिच्याशी समोरासमोर बोल. तिला ब्लूज आवडतात हे तू पत्रात एका ओळीत उरकले आहेस. तिला त्यातले नेमके काय आवडते, हे तू तिला कधी विचारले आहेस का?

रविवारी दोघेही माझ्याकडे या. संगणक घरी ठेव, पेटी इथे आहे.

तुझा,
काका