जुन्या संगणकावरील लाइटरूम ६ या ॲडोबीच्या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटो-फाइल) उघडत नाहीत, आणि नवे लाइटरूम त्यावर चालत नाही. संगणक बदलावाच लागेल का?

संगणक लगेच बदलण्याची गरज नाही. ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने रॉ फाइल डीएनजी या ॲडोबीच्या सामाईक रॉ स्वरूपात बदलून घेतल्यास लाइटरूम ६ त्या उघडू शकते. डिसेंबर २०१७ मधील ६.१४ या अद्ययावत आवृत्तीनंतर लाइटरूम ६ ला नव्या कॅमेऱ्यांची ओळख मिळालेली नाही, परंतु डीएनजीमध्ये कॅमेऱ्याच्या रंगांची आवश्यक माहिती फाइलमध्येच नोंदलेली असल्यामुळे ती अडचण टळते. मात्र कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये सुसंगततेसाठी कॅमेरा रॉची (ॲडोबीच्या रॉ फाइल वाचणाऱ्या घटकाची) जुनी आवृत्ती निवडावी, कारण नेमकी हीच पायरी सहसा राहून जाते. कन्व्हर्टरच्या ताज्या आवृत्तीलाही नवी ऑपरेटिंग सिस्टीम लागते, त्यामुळे रूपांतर कदाचित दुसऱ्या कोणाच्या संगणकावर करून घ्यावे लागेल. मूळ रॉ फाइल पुसू नयेत.