कृषी केंद्राच्या वेबसाइटचं पान मोबाइलवर आडवं सरकवावं लागतं, काय करू?
भाऊ, पान संगणकावर झकास अन् मोबाइलवर आडवं सरकतं, म्हणजे बहुतेक व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद मांडायचं हे मोबाइलला सांगणारी एचटीएमएल कोडातली ओळ) राहून गेला. तो नसला की मोबाइल पानाला साधारण ९८० पिक्सेल रुंद समजतो अन् अक्षरं मुंगीएवढी करतो; ती वाचायला मोठी केली की पान आडवं सरकवावं लागतं. टॅगमध्ये विड्थ (रुंदी) म्हणून डिव्हाइस-विड्थ, म्हणजे फोनच्या पडद्याची रुंदी, लिहा. सगळा मजकूर ज्यात बसतो त्या मुख्य डब्याला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडात) पक्की १००० पिक्सेल विड्थ दिली असेल तर काढा, मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) ठेवा. फोटोंनाही मॅक्स-विड्थ १०० टक्के.

बियाण्यांचे रकाने सीएसएस ग्रिडमध्ये ऑटो-फिट (जागा असेल तेवढे रकाने बसवणारं) अन् मिनमॅक्सनं (रकान्याची कमीत कमी अन् जास्तीत जास्त रुंदी ठरवणारं) मांडले तर मीडिया क्वेरीची (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लिहायची) फारशी पडत नाही. कापूस-तुरीच्या भावाचा तक्ता मात्र दबता दबत नाही. त्याच्याभोवती वेगळा डबा घालून ओव्हरफ्लो-एक्स (आडवं बाहेर जाणाऱ्या भागाचं काय करायचं ते) ऑटो करा, तेवढाच सरकू द्या.

अन् तपासायचं ते वावरात, उन्हात, लहान फोनवर. आपलं गिऱ्हाईक तिथूनच पाहते.