खोगीर चढवताना घोडी चावायला येते, पाठ दुखत असेल का? घोड्यांना फिजिओथेरपी असते का?

दुखत असण्याची शक्यता बरीच आहे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकणं, खरारा कमरेवर आला की पाठ खाली घालणं, दुडकीत शेपूट आपटणं, या सगळ्याला तबेल्यात ‘खोडी’ म्हणतात आणि बिचारी वर मारही खाते. तंगाला चिडण्यामागे पोटातला अल्सरही असतो, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही विचारा.

फिजिओथेरपी असते. दुखापतीतून उठलेल्या घोड्यांचे व्यायाम मी स्वतः घेते. पण मालिशवाला शोधण्याआधी खोगीर उलटं करून बघा. गादी एका बाजूला बसली असेल, मधली खाच बुजून खोगीर कण्याला टेकत असेल, तर मालिशचे पैसे पाण्यात. खोगिराचा भार शेवटच्या, म्हणजे 18व्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. पाठीवर मधेच पांढरे केस उगवलेत का? तो जुन्या दाबाचा पुरावा.

मग मागचे पाय. तिथलं बारीक लंगडणं लपवता लपवता पाठ आखडते, हे फार वेळा होतं. एक्स-रेत मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासताना दिसली तरी घाबरू नका. ठणठणीत घोड्यांतही ती तशी सापडतात. इलाज दुखण्यावर करायचा, फोटोवर नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की माझा पहिला व्यायाम गाजराचा. घोडीला भिंतीलगत उभी करायची, नाहीतर ती मान वळवण्याऐवजी सरळ पाय टाकून गाजर गाठते! गाजर आधी छातीशी, मग पुढच्या दोन खुरांच्या मधे, मग बरगडीशी, मग कमरेपाशी. प्रत्येक जागी काही सेकंद थांबवायचं. खुरांशी तोंड गेलं की पोट वर ओढलं जातं आणि पाठ कमानीसारखी उचलते, ते डोळ्यांनी दिसतं. काम करतो तो कण्यालगतचा मल्टिफिडस स्नायू. 2011 च्या एका अभ्यासात असे व्यायाम 3 महिने घेतल्यावर हा स्नायू भरलेला सोनोग्राफीत दिसला होता.

त्यानंतर हातात धरून चालवणं, जमिनीवर आडवे बांबू टाकून त्यांवरून कदम चाल. स्वार सगळ्यात शेवटी. वेदनाशामक देऊन स्वारी सुरू ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणि गाजर उभं, लांब चिरा. गोल चकती घशात अडकते.